नेमबाजीची दहा मीटरची रेंज बांधताय? भिंतीला पत्रा ठोकण्याआधी हे वाचा

पॅरिसला 2024 मध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून रेंज बांधून देणाऱ्या आमच्याकडे शाळा आणि अकादम्यांचे फोन वाढले आहेत. आनंदच आहे. पण नव्या कामापेक्षा आधी ठोकलेलं काढण्यातच आमचे दोन-दोन दिवस जातात.

बहुतेक ठिकाणी टार्गेटमागच्या भिंतीला सपाट पत्रा बोल्टने आवळलेला असतो. "जाड आहे, छर्रा पार होत नाही," असं सांगतात. पार होत नाही हे खरं. पण एअर रायफलचा 4.5 मिमीचा शिशाचा छर्रा उभ्या पत्र्यावर चपटा होतो आणि तो किंवा त्याचे तुकडे नेमबाजाकडे उलट येऊ शकतात. बोल्टच्या डोक्यावर किंवा अँगलच्या कडेवर बसला, तर कुठे उडेल याचा नेम नाही. पातळ पत्र्याला खळगे पडतात, मग धोका आणखी वाढतो.

म्हणून आमच्या प्लेटची वरची कड नेमबाजाकडे झुकलेली असते. छर्रा खाली वळून ट्रेमध्ये पडतो. समोर एकही बोल्ट दिसणार नाही. मागे छतापासून जमिनीपर्यंत जाड रबरी पडदा, तोही सैल. कृपया तो ताणून बांधू नका. पडदा हलतो तेव्हाच छर्‍याचा जोर जिरतो.

"टार्गेट तळहाताएवढं, मग पडदा भिंतभर कशाला?" हा प्रश्न रोजचा. नवखी मुलं सुरुवातीला ट्यूबलाइटसुद्धा फोडतात, म्हणून. खर्च वाढतो, मान्य. पण पडद्याचे पैसे आम्ही कमी करत नाही.

दहा मीटर म्हणजे फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत. नेमबाजाची जागा आणि ट्रॅप (छर्रे अडवणारी प्लेट, ट्रे आणि पडदा) धरून हॉल आतून 14 मीटर तरी ठेवा. टार्गेटकडच्या बाजूला दार नकोच.

ही व्यवस्था फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूलसाठी आहे. पॉइंट टू-टू (.22 बोअरची, काडतुसाची बंदूक) इथे एकदाही चालवू नका.

ट्रेमधलं शिसं मुलांच्या हाती देऊ नका. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.

गवंडी प्लास्टरला लागण्याआधी फोन करा. जागा बघून मापं घेण्याचे आम्ही पैसे घेत नाही, आणि प्लेटचा उतार तुमच्या फॅब्रिकेटरलाही समजावून देतो.