पोटाचं मांस छातीत जगतं कसं?

गेल्या महिन्यात एका महिला मंडळात स्तनाच्या कर्करोगावर बोलायला गेले होते. गाठ हाताला कशी लागते, मॅमोग्राफी कधी करायची, घरात कुणाला झाला असेल तर काय, हे नेहमीचं सांगून झालं. चहा आला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. म्हणाल्या, "माझ्या भाचीचा एक स्तन काढला आणि पोटाचं मांस घेऊन तिथंच नवा केला. छान झालंय सगळं. पण मला सांगा, खाटकाकडचं मटण दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर वास मारतं. मग हे अंगावेगळं केलेलं मांस सडत कसं नाही?"

काही बायका हसल्या. मी हसले नाही, कारण त्या दुपारचा सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. मी शल्यविशारद नाही, कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पण या एका प्रश्नावर एक सबंध सत्र शिकवता येईल.

बहुतेकांची समजूत अशी की, ही चरबी भरायची शस्त्रक्रिया आहे. करंजीत सारण भरतात तशी पोटाची चरबी छातीत भरायची आणि वरून शिवून टाकायचं. प्रत्यक्षात सहा-आठ तास चालणाऱ्या या शस्त्रक्रियेत आकार देण्याचं काम अगदी शेवटी येतं. त्याआधीचे तास जातात ते नळजोडणीत.

पेशीला ऑक्सिजन रक्तातून मिळतो, हे शाळेत शिकलो. रक्त मात्र पेशीत शिरत नाही. ते केशवाहिनीतून शेजारून जातं आणि ऑक्सिजनचे रेणू तिच्या भिंतीतून निसटून पेशीपर्यंत भटकत जातात. इथे 'भटकत' हा शब्द शब्दशः घ्यायचा. रेणूला दिशा नसते, तो सगळीकडून धक्के खात सरकतो. यालाच विसरण म्हणतात. अशा भटक्याला दुप्पट लांब जायला दुप्पट वेळ लागत नाही, चौपट लागतो. दहापट लांब जायला शंभरपट. ढोबळ गणित करून पाहा: ऊतीत 0.1 मिलिमीटर जायला ऑक्सिजनला दोन-तीन सेकंद लागतात, 1 मिलिमीटरला चारेक मिनिटं आणि 1 सेंटिमीटरला सहा-सात तास! शिवाय वाटेतल्या पेशी तो खाऊन टाकतात ते वेगळंच. म्हणून शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत राहते. ही शेजाराची अट फार थोड्या पेशींना चुकली आहे. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांना 1920 साली नोबेल मिळालं ते या केशवाहिन्यांच्या कारभाराबद्दलच.

आता आजींच्या मटणाकडे वळू. तळहाताएवढा, तीन-चार सेंटिमीटर जाडीचा चरबीचा तुकडा कापून दुसरीकडे नुसता शिवला, तर कडेच्या पेशींना नव्या शेजाऱ्यांकडून थोडाफार ऑक्सिजन मिळेल. मधल्या पेशी मरतील. सडणं म्हणतात ते तिथून सुरू होतं. भाजलेल्या जागी लावतात ती कातडी जगते, कारण ती कागदासारखी पातळ सोललेली असते. पहिले दोन दिवस ती खालच्या जखमेतला द्रव शोषून तग धरते आणि मग खालच्या केशवाहिन्या तिच्यातल्या केशवाहिन्यांना येऊन भिडतात. जाड तुकड्याला ही सवलत नाही. त्याला स्वतःचा नळ लागतो.

ही गोष्ट विसरणाचं गणित न मांडताही एका माणसाला ठाऊक होती, आणि तो आपल्या पुण्याजवळचा होता. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी गडी 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. त्याची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये चित्रासकट छापून आली. कारागिराने मेणाचं नाक करून पाहिलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली आणि कातडी त्या पट्टीवर फिरवून खाली आणली. जोडावर काताचा लेप लावला. सुमारे पंचवीस दिवसांनी, नवं नाक नव्या जागी रुजल्यावर, ती पट्टी कापली. रक्त चालू राहावं म्हणून पट्टी ठेवतात, हे त्या वृत्तान्तात स्पष्ट लिहिलं आहे. कावसजीचं नाव छापलं गेलं, कारागिराचं नाही.

(हा किस्सा फॉरवर्डमध्ये येतो तेव्हा 'सुश्रुताने हजारो वर्षांपूर्वी प्लास्टिक सर्जरीचा शेवटचा शब्द लिहून ठेवला' अशा थाटात येतो. सुश्रुतसंहितेत नाकाची कृती आहे आणि ती थोर आहे, पण ती गालाच्या कातडीची आहे. कपाळाची पद्धत पुढच्या कारागिरांनी आणली. म्हणजे आपल्याकडेही ज्ञान पुढे सरकत होतं. त्याला एका पोथीत गोठवून आपण त्या अनाम माणसाचं श्रेय दुसऱ्यांदा काढून घेतो.)

डोळ्यांमधली ती पट्टी म्हणजे नळ. स्तनाची पुनर्रचना हा त्याच पट्टीचा पुढचा इतिहास आहे. इटलीच्या तान्सिनी यांनी 1906 मध्ये पाठीचा एक स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट काखेतून पुढे फिरवून छातीची जखम झाकली. पण त्या काळी अमेरिकेच्या हॉल्स्टेड यांचा दबदबा. जखमेवर असं काही पांघरलं तर परत आलेला कर्करोग त्याखाली दडेल, ही त्यांची भीती. तान्सिनींची युक्ती कित्येक दशकं बासनात पडून राहिली. पुनर्रचनेमुळे कर्करोग परत यायचा धोका वाढत नाही, हे आता अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. तरी 'उगाच कशाला हात लावायचा' हे वाक्य बायकांना घरच्यांकडून अजून ऐकावं लागतं.

1982 मध्ये अमेरिकेत हार्ट्रॅम्फ यांनी पोटाकडे मोर्चा वळवला. बेंबीखालची कातडी आणि चरबी बाळंतपणानंतर बऱ्याच जणींकडे शिल्लक असते, हे त्यांनी हेरलं. तिला रक्त पोचवणारी वाहिनी पोटाच्या उभ्या स्नायूतून जाते, म्हणून त्यांनी तो स्नायूच चरबीसकट सोडवला आणि पोटाच्या कातडीखालच्या बोगद्यातून छातीवर नेला. स्तन उत्तम होई. पण पोटाची भिंत त्या स्नायूवर उभी असते. तो नेला की काहींना उठून बसताना त्रास, काहींना हर्निया. नळ हवा म्हणून आपण भिंतच उचलून नेत होतो.

आता माझा आवडता भाग. स्नायूतल्या मोठ्या धमनीला ठिकठिकाणी बारीक फांद्या फुटतात, त्या स्नायू भेदून वर येतात आणि कातडीखालच्या चरबीत झाडासारख्या पसरतात. डॉक्टर यांना पर्फोरेटर म्हणतात. जाडी एखाद-दीड मिलिमीटर, शेवयाच्या काडीएवढी. कार्ल मँचो या जर्मन तरुणाने 1889 मध्ये, क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता तेव्हा, मृतदेहांचं विच्छेदन करून कातडीच्या धमन्यांचा नकाशा काढला होता. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी मेलबर्नच्या इयन टेलर यांनी मृतदेहांच्या धमन्यांत शिशाचं संयुग सोडून क्ष-किरण चित्रं घेतली आणि अर्धा मिलिमीटर व त्याहून जाड पर्फोरेटर मोजले. 1987 च्या त्यांच्या शोधनिबंधात सरासरी आकडा आहे 374. म्हणजे आपली कातडी एकसंध चादर नव्हे, गोधडी आहे! प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा नळ, आणि शेजारच्या तुकड्यांना जोडणाऱ्या बारीक, एरवी आक्रसलेल्या वाहिन्या. एक नळ बंद झाला तर या आक्रसलेल्या वाहिन्या सैलावतात आणि शेजारचा तुकडा पोसतात, पण लगेच नाही आणि फार लांबवर नाही. म्हणून एका पर्फोरेटरवर पोटाचा किती भाग जगेल याला मर्यादा असते आणि पलीकडच्या टोकाचा भाग कापून टाकावा लागतो. (इथे गोंधळ उडाला असेल तर फक्त गोधडी लक्षात ठेवा.)

मग स्नायू न्यायचा कशाला? त्याचे तंतू फक्त बाजूला सारायचे आणि त्यांच्यामधून पर्फोरेटर अलगद सोडवत मुळापर्यंत जायचं. जपानच्या कोशिमा यांनी 1989 मध्ये हे करून दाखवलं. अमेरिकेच्या रॉबर्ट ॲलन यांनी त्यावरून स्तन घडवले आणि 1994 मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. तिला डीप फ्लॅप म्हणतात. आज आधी सीटी स्कॅन काढून कुठला पर्फोरेटर बेंबीपासून किती अंतरावर वर येतो ते पाहतात आणि पोटावर पेनाने खुणा करतात.

पण आता पट्टी उरलेली नाही. वाहिनी जांघेजवळ कापली, तुकडा खरोखरच अंगावेगळा झाला. पांढराफटक, थंड. हेच आजींचं मटण. फरक इतकाच की घड्याळ चालू झालेलं असतं. चरबी आणि कातडीची भूक कमी, म्हणून त्या काही तास कळ काढू शकतात. स्नायू इतका धीर धरत नाही.

छातीवर, बरगडीच्या कूर्चेखाली, छातीच्या मधल्या हाडाला लागून एक धमनी जाते. बायपासमध्ये हृदयाला जोडतात तीच. गंमत म्हणजे हिचंच खालचं टोक पोटाच्या स्नायूत उतरतं आणि पोटातल्या धमनीला बेंबीच्या आसपास भेटतं. एकाच वाटेचे हे दोन प्रवासी. शल्यविशारद फक्त त्यांची भेट वर हलवतात.

जोडायची कशी? फ्रान्सच्या लियाँ शहरात 1894 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना सुऱ्याने भोसकलं आणि फाटलेली मोठी शीर शिवता न आल्याने ते गेले. तरुण अलेक्सिस कॅरेल यांना ते लागून राहिलं. त्यांनी चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकवणी लावली. बारीक सुई, रेशमी धागा आणि एक युक्ती: गोल तोंडाला तीन टाके घालून ताणलं की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि सरळ कड शिवणं सोपं. 1912 चं नोबेल त्यांना मिळालं. 1960 मध्ये अमेरिकेत जेकबसन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वाहिन्यांवर रोखला आणि मिलिमीटरभर तोंडंही शिवता येऊ लागली. इथला धागा केसाच्या निम्म्या जाडीचा असतो.

खरी अडचण बारीकपणाची नाही. वाहिनीचं आतलं अस्तर हा असा एकच पृष्ठभाग, ज्याला रक्त चिकटत नाही. अस्तराला अस्तर नीट भिडलं पाहिजे. बाहेरच्या आवरणाचं एक सूत जरी आत डोकावलं, तरी रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) वाटतं जखम झाली आणि त्या गर्दी करतात. एक चुकार सूत आणि आठ तासांची मेहनत वाया. चिमटे सोडले की तुकडा गुलाबी होतो, कडेने रक्त पाझरू लागतं. शल्यगृहात या पाझराचा कुणाला राग येत नाही.

पहिले दोन दिवस परिचारिका तासातासाला तो नवा स्तन पाहतात. पांढरा आणि गार पडला तर धमनी बुजली. जांभळा, फुगलेला दिसला तर रक्त परत नेणारी शीर बुजली, आणि हेच जास्त वेळा होतं. शिरेत दाब कमी, भिंत पातळ, जरा पीळ पडला की रक्त तुंबतं. तेव्हा पेशंटला परत आत नेऊन जोड उघडतात. तेही जमेना, तर कधी कधी जळवा लावतात. होय, जळवा. त्यांच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. जळू गळून पडल्यावरही चावा काही तास पाझरत राहतो आणि नव्या शिरा फुटेपर्यंत वेळ मिळतो. आपल्याकडे 'जळवा लावून अशुद्ध रक्त काढून मिळेल, सर्व रोगांवर' अशा पाट्या दिसतात. इथे रक्त अशुद्ध नसतं, अडकलेलं असतं. शिवाय जळवेच्या आतड्यातले जंतू जखमेत जातात, म्हणून सोबत प्रतिजैविकं द्यावी लागतात. पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

'स्टेम सेलने स्तन उगवून मिळेल' या जाहिरातींनाही तेच विसरणाचं गणित लावून पाहावं. सुईने चरबी टोचतात ती अगदी बारीक थेंबांत, थोडी थोडी, अनेक वेळा. कारण थेंबाचा बाहेरचा 0.3 मिलिमीटरपर्यंतचा थरच आहे तसा जगतो. त्याच्या आतल्या थरात मूळपेशी (म्हणजेच स्टेम सेल) काही पेशी नव्याने घडवतात आणि अगदी मधला भाग मरतो. खळगे बुजवायला ही पद्धत चांगली आहे, पण एका फटक्यात सबंध स्तन देईन म्हणणाऱ्याला केशवाहिन्या कुठून आणणार ते विचारा. प्रत्येकीला पोटाचीच शस्त्रक्रिया हवी असं मुळीच नाही. कुणी सिलिकॉन पसंत करते, कुणी काहीच करत नाही आणि मजेत राहते. आणखी एक: तोडलेल्या मज्जातंतूंमुळे नव्या स्तनाला स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही. शेगडीजवळ काम करताना किंवा गरम पिशवी ठेवताना चटका कळेलच असं नाही. हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं.

आजी सगळं ऐकून गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते अजून पोटच आहे म्हणा की. भाची आता जरा सुटलीय."

बरोबर ओळखलं त्यांनी. जागा बदलली तरी चरबीच्या पेशी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. वजन वाढलं की पोटाबरोबर तो स्तनही वाढतो, आणि उतरलं की उतरतो.