बालकवितेच्या सचित्र पुस्तकांच्या आद्य आवृत्त्यांचा संग्रह

मुलांसाठी लिहिलेल्या कवितांची सचित्र पुस्तके पहिल्या किंवा आरंभीच्या आवृत्त्यांत शोधणे, त्यांची ओळख पटवणे आणि ती जतन करणे हा ग्रंथसंग्रहाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात चित्राचे मोल कवितेइतकेच मानले जाते. कविता पुढच्या आवृत्तीत किंवा पाठ्यपुस्तकात शब्दशः उतरते. चित्र मात्र अनेकदा बदलते, आक्रसते किंवा एका रंगावर येते. त्यामुळे कवीने आणि चित्रकाराने मिळून मुलांच्या हाती नेमके काय दिले होते, हे जुनी प्रत पाहिल्याखेरीज कळत नाही.

पहिली आवृत्ती आणि पहिली सचित्र आवृत्ती एकच असते असे नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा प्रसिद्ध बालकवितासंग्रह १८८५ मध्ये चित्रांविना निघाला आणि चार्ल्स रॉबिन्सन यांच्या चित्रांसह तो सुमारे दहा वर्षांनी आला. संग्राहकांना या दोन्ही प्रती हव्या असतात. बंगालीतील सुकुमार राय यांच्या ‘आबोल ताबोल’मध्ये (१९२३) कविता आणि चित्रे एकाच हातची आहेत. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच प्रसिद्ध झाले.

मराठीत विंदा करंदीकर यांचे ‘राणीची बाग’ (१९६१) आणि मंगेश पाडगावकर यांचे ‘भोलानाथ’ (१९६४) ही पुस्तके आली, तो काळ संग्राहकाला विशेष उपयोगी आहे, कारण त्या सुमाराच्या पुस्तकांचा काळ ठरवण्याच्या खुणा पुस्तकातच सापडतात. किंमत आण्यांत छापलेली असेल, तर प्रत साधारणतः १ एप्रिल १९५७ पूर्वीची असते. त्या दिवशी सुरू झालेल्या दशमान नाण्यांसाठीचा ‘नवे पैसे’ हा शब्द १९६४ पर्यंतच चलनात होता. शासनाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारल्यावर ‘मुलें’, ‘आंत’ यांसारख्या शब्दांवरचे अनुच्चारित अनुस्वार हळूहळू गेले. म्हणून जुने प्रकाशनवर्ष आणि अनुस्वारविरहित मजकूर एकत्र दिसल्यास पुनर्मुद्रणाची शंका घ्यावी. मलपृष्ठावरील प्रकाशकाच्या जाहिरातीत नंतरच्या पुस्तकांची नावे असली, तरीही तीच शंका घ्यावी. त्याहून जुन्या पुस्तकांवर केवळ शके दिलेले असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात. शक वर्षाच्या अखेरच्या, म्हणजे जानेवारीपासूनच्या, काही महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ग्रंथसूची हाताशी ठेवावी.

छपाईची तपासणी बोटांनीही होते. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) आणि ब्लॉकच्या (चित्राच्या उठावदार ठशाच्या) छपाईत पानाच्या मागे हलका उठाव जाणवतो. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक लागत असल्यामुळे एखाद्या फुग्याचा लाल रंग रेषेबाहेर सरकलेला दिसतो. तो दोष त्या काळच्या छपाईची साक्षच असतो. ऑफसेटवर, म्हणजे उठावाचा ठसा न दाबता, काढलेल्या पुढच्या आवृत्तीचे पान सपाट लागते.

कोल्हापुरात या संग्रहाला अनुकूल पार्श्वभूमी आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावात चित्राकडे जाणतेपणाने पाहण्याची सवय जुनी आहे. मराठी पुस्तकांच्या सजावटीत आणि व्यंगचित्रांत ठसा उमटवणारे वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचा जन्मही येथलाच. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय या येथील मोठ्या ग्रंथसंस्था आहेत. मात्र वाचनालयाच्या प्रतीची पुन्हा बांधणी होताना मूळ मुखपृष्ठ बहुधा निघून जाते. त्यामुळे घरच्या कपाटातली किंवा रद्दीच्या दुकानातली फाटकी प्रत कित्येकदा अधिक मोलाची ठरते.

जतनाचा प्रश्न येथे कठीण आहे. पावसाळ्यातील दमट हवेने बुरशी धरते, कसर लागते आणि बारीक पुस्तकांच्या तारेच्या पिना गंजून मधली पाने सुटतात. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांत शाहूपुरीसारख्या सखल भागांत पाणी शिरले. तेथे पुस्तके तळमजल्यावर ठेवूच नयेत. पुस्तके आम्लमुक्त कागदात ठेवावीत आणि चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा डिंक पिवळा पडून रंगात उतरतो.

मुलांच्या हातची पुस्तके कोरी राहत नाहीत, म्हणून या संग्रहात प्रतीची अवस्था पारखताना सैल हात ठेवतात. पेन्सिलीने लिहिलेले नाव, इयत्ता किंवा शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी पुसू वा काढू नये. प्रकाशनवर्ष छापलेले नसेल, तेव्हा त्या चिठ्ठीवरची तारीखच ते पुस्तक निदान कोणत्या वर्षी अस्तित्वात होते हे सांगते.