फुटी, विलीनीकरणं आणि एक आडवा कागद

१९५२ साली समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. तीन वर्षांत डॉ. राममनोहर लोहिया आपला गट घेऊन बाहेर पडले. १९६४ मध्ये दोन्ही गट पुन्हा एक, पुढच्याच वर्षी फूट, १९७१ मध्ये परत विलीनीकरण आणि १९७७ मध्ये जनसंघ, भारतीय लोकदल, संघटना काँग्रेस यांच्यासोबत सगळे जनता पक्षात. वाचताना गोंधळ उडतोच, म्हणून पक्षांचा हा इतिहास चित्रात मांडायचा. वंशावळीची आकृतीही इथे कामाची नाही, कारण तिच्यात वेगळी झालेली शाखा पुन्हा मूळ घराण्याला येऊन मिळत नाही. म्हणून आडव्या कालरेषेवर पट्टे काढतात: पक्ष फुटला की पट्टा दुभंगतो, विलीन झाला की दुसऱ्यात मिसळतो.

खरी कसोटी पट्ट्याच्या जाडीची. ती मतांवरून ठरवायची की जागांवरून?

डिसेंबर १९८४ ची लोकसभा निवडणूक घ्या. एक टक्का मतांना एक मिलिमीटर धरलं, तर काँग्रेसचा पट्टा ४९ मिलिमीटर, भाजपचा पावणेआठ आणि तेलुगू देसमचा सुमारे सव्वाचार. आता दहा जागांना एक मिलिमीटर धरा. ४०४ जागांची काँग्रेस ४० मिलिमीटरवर येते, ३० जागांचा तेलुगू देसम तीनवर आणि दोन जागांचा भाजप ०.२ मिलिमीटरवर, म्हणजे केसाएवढी रेघ! तेलुगू देसमची मतं आंध्रात एकवटलेली होती, भाजपची देशभर विखुरलेली. फक्त जागांचं चित्र पाहणाऱ्याला भाजप संपल्यात जमा वाटेल आणि त्याची पुढची वाढ अचानक उगवल्यासारखी दिसेल. माझ्या मते दोन्ही चित्रं शेजारी शेजारीच छापायला हवीत.

पट्टा सुरू कुठून करायचा, हेही सरळ नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आपली स्थापना १९२५ ची, कानपूरची मानतो. १९६४ मध्ये वेगळा झालेला मार्क्सवादी पक्ष १९२० ची, ताश्कंदची. इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये थोरामोठ्यांच्या आयुष्यांचा कालपट काढला, तेव्हा जन्ममृत्यूची साल पक्की नसेल तिथे रेघेऐवजी ठिपके दिले होते. १९२० ते १९२५ या तुकड्याला तीच पद्धत शोभते.

सर्वांत नाजूक जागा फुटीची. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. चित्रात एक पट्टा सरळ पुढे नेला आणि दुसरा वळवला, की मूळ पक्ष कोणता याचा निकाल चित्रकारानेच लावून टाकला. त्यामुळे फुटीपाशी दोन्ही पट्टे सारख्याच कोनात वळवावेत आणि आयोगाच्या निर्णयाची तारीख त्यांच्यावर स्वतंत्र खुणेने दाखवावी.