शेणखत

जनावरांचे शेण व मूत्र, गोठ्यात अंथरलेला काडीकचरा आणि गव्हाणीत उरलेली वैरण एकत्र कुजवून तयार होणारे खत. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र (नायट्रोजन), ०.२ टक्के स्फुरद (फॉस्फरस) व ०.५ टक्के पालाश (पोटॅश) असते. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात व कोंबडीखतात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास जाते.

१० टन शेणखतात ५० किलो नत्र असले, तरी पहिल्या पिकाच्या हाती जेमतेम १५ किलो लागते. बाकीचे पुढच्या हंगामांत सुटते. त्यामुळे टोमॅटो, वांगी, मिरची या खादाड पिकांना हेक्टरी २० ते २५ टन घालूनही वरखते (उभ्या पिकाला द्यायची खते) चुकत नाहीत. खताचा मोठा उपयोग मातीच्या पोताला होतो : भारी काळी जमीन मोकळी होते, मुरमाड जमिनीत ओल टिकते.

उघडा उकिरडा पावसाने धुपतो आणि उन्हाने वाळतो. त्याऐवजी उंचवट्यावर, सावलीत ६ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल खड्डा घ्यावा. जनावरांखाली रात्री पाचट किंवा भुसा पसरावा, कारण नत्र-पालाशाचा बराच वाटा मूत्रात असतो आणि फरशीवरून तो गटारात जातो. हे ओले अंथरूण व शेण यांचे थर खड्ड्याच्या एका टोकाकडून भरत जावेत. भर जमिनीच्या अर्धा मीटर वर आली की शेणमातीने लिंपावे. ओल इतकी हवी, की मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. ४-५ महिन्यांत खत काळपट, भुसभुशीत होते. शेणाचा वास जातो, ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही.

कच्चे शेण टाकण्याची घाई नडते. त्यातली तणांची बियाणी शेतात उगवतात, मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आसरा मिळतो, कुजण्यासाठी जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. गाजर-मुळ्याला फाटे फुटतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीसारख्या भाज्यांवर तर रोगजंतूंचा धोका.

दुसरी चूक सर्रास दिसते : एप्रिल-मेमध्ये शेतभर छोटे ढीग टाकून पावसाची वाट पाहणे. नत्र अमोनिया होऊन उडते, ढिगाखालची जागा तेवढी माजते. खत पसरले त्याच दिवशी कुळवाने मातीआड करावे. खत थोडे असेल तर सगळीकडे विस्कटण्यापेक्षा सरीत किंवा वेलभाज्यांच्या आळ्यांत द्यावे. रोपवाटिकेत ३ × १ मीटरच्या गादीवाफ्याला १० किलो चाळलेले खत पुरते. विकत घेताना ट्रॉलीवर भरवसा ठेवू नये. ओल्या खतात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे, शिवाय मातीची भेसळ.

मेंढ्या बसवणे ही या खताची वाहतूक वाचवणारी रीत. पीक निघाल्यावर धनगराचा कळप रोख पैसे किंवा धान्याच्या बोलीवर रात्री शेतात बसतो. लेंड्यांबरोबर मूत्रही थेट जमिनीत मुरते. कळप हलताच रान नांगरावे, उशीर झाल्यास मूत्रातले नत्र उडते. मेंढ्यांनी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असतील, तर तिची रोपे पुढच्या पावसात उपटावी लागतात.