लघुशक्ती दूरदर्शन प्रक्षेपण केंद्र

एखादे गाव आणि त्याच्या आजूबाजूचा साधारण १२ ते १५ किलोमीटरचा टापू एवढ्यालाच पुरेल अशा कमी ताकदीच्या प्रक्षेपकावर (ट्रान्समीटरवर) चालणारे दूरचित्रवाणी केंद्र. भारतात अशा केंद्राला सरसकट 'एलपीटी' (लो पॉवर ट्रान्समीटर) म्हणत. त्याची ठरावीक ताकद १०० वॅट, पुढे काही ठिकाणी ३०० ते ५०० वॅट. याहून लहान, १० ते ५० वॅटची केंद्रे 'अतिलघुशक्ती' गणली जात आणि डोंगरात दडलेल्या खोऱ्यांसाठी उभारली जात. शहरांच्या उच्चशक्ती केंद्रांची ताकद मात्र १० किलोवॅट असे.

केंद्र गावात असले तरी त्यावरून दिसणारे चित्र बहुधा त्या गावाचे नसे. एलपीटीला स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता. उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि पुन्हा हवेत सोडायचा, इतकेच तिचे काम. कमी ताकदीचे केंद्र खऱ्या अर्थाने स्थानिक होऊ शकते, हे गुजरातमधील पीज येथे आधीच सिद्ध झाले होते. विस्तार करताना पीजचे यंत्र उचलले गेले, त्याची पद्धत मागे राहिली.

भारतीय दूरचित्रवाणीचा आरंभच छोट्या प्रक्षेपकाने झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेले प्रायोगिक प्रक्षेपण शहर आणि लगतच्या भागापुरते होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले.

पीज हे खेडा जिल्ह्यात नडियादजवळचे गाव. इस्रोच्या अहमदाबादमधील अंतराळ उपयोग केंद्राने १९७५ मध्ये तेथे १ किलोवॅटचा, म्हणजे शहरी केंद्रांच्या दहाव्या हिश्शाच्या ताकदीचा प्रक्षेपक बसवला. उपग्रहावरून खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याच्या 'साइट' या प्रयोगाचे काम पाहणारे आणि पुढे अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झालेले एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. दूध सहकारी संस्थांचे दाट जाळे हा खेडा जिल्ह्याचा मोठा आधार होता. सार्वजनिक संच गावात चारचौघांच्या जागी ठेवले जात आणि संध्याकाळी लोक तेथे जमत. दिल्लीच्या कार्यक्रमांबरोबर अहमदाबादच्या स्टुडिओत तयार झालेले खास कार्यक्रमही दाखवले जात. गावकऱ्यांच्या बोलीत आणि अनेकदा त्यांनाच घेऊन केलेल्या या कार्यक्रमांत शेतमजुरी, सावकारी, अस्पृश्यता, स्त्रियांवरील अन्याय असे नाजूक विषय असत. कार्यक्रमाआधी गावात जाऊन पाहणी करायची आणि नंतर तो कितपत कळला हे पुन्हा विचारायचे, ही शिस्त पीजने घालून दिली. ग्रामीण संपर्कासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार १९८४ मध्ये या प्रकल्पाला मिळाला. पण मोठ्या प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागल्यावर १९८५ मध्ये पीजचा प्रक्षेपक मद्रासला हलवण्याचे ठरले. गावागावांतून विरोध झाला, तरी दशक संपेपर्यंत हा प्रयोग आटोपला होता.

एलपीटींची पहिली लाट १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आली. त्याआधीच्या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले वसंत साठे रंगीत दूरचित्रवाणीचे ठाम पुरस्कर्ते होते. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा भारतीय उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला आणि १९८४ च्या उत्तरार्धात देशात जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होऊ लागला. या वेगाचे कारण केंद्राच्या साधेपणात आहे. दोन-तीन खोल्या, ३० मीटरच्या आसपासचा पोलादी मनोरा, जाळीची तबकडी, कपाटाएवढा प्रक्षेपक, व्होल्टेज स्थिर ठेवणारे यंत्र, डिझेल जनित्र आणि पाळीपाळीने काम करणारे मोजके तंत्रज्ञ एवढ्यावर केंद्र चाले.

इन्सॅट-१बी ७४ अंश पूर्व रेखांशावर होता. पुणे जवळपास त्याच रेखांशावर असल्याने तेथील तबकडी नेमकी दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर रोखावी लागे, म्हणजे ती बरीचशी आकाशाकडे तोंड करून असे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मग काही मिनिटे सूर्याचा रेडिओ-गोंगाट संकेताला गिळून टाकतो. यावर इलाज नाही. तंत्रज्ञाने त्या वेळी तबकडी हलवू नये, कारण बिघाड समजून हलवलेली तबकडी पुन्हा जुळवण्यात वेळ जातो तो वेगळाच.

तबकडीकडून आलेला दृश्यसंकेत ७५ ओहमवर १ व्होल्ट असावा लागतो. त्यात ०.७ व्होल्ट चित्राचे आणि ०.३ व्होल्ट समकालन स्पंदाचे, म्हणजे चित्र पडद्यावर जागेवर धरून ठेवणाऱ्या खुणेचे. तो ३८.९ मेगाहर्ट्झच्या मध्यम वारंवारतेवर चढवला जातो, ध्वनी ३३.४ वर. दोन्ही मिळून ठरलेल्या वाहिनीवर नेले जातात, प्रवर्धित होतात आणि गाळणीतून मनोऱ्यावरच्या अँटेनाकडे जातात. भारतीय पद्धतीत वाहिनीची रुंदी ७ मेगाहर्ट्झ आणि ध्वनी चित्रापेक्षा ५.५ मेगाहर्ट्झ वर असतो. चित्राची शक्ती १०० वॅट तर आवाजाची १० वॅट.

येथे मोड्युलेशन, म्हणजे वाहक लहरीवर चित्र चढवण्याची रीत, उलटे असते. समकालन स्पंदाला पूर्ण १०० टक्के शक्ती, काळ्याला सुमारे ७५ आणि लख्ख पांढऱ्याला जेमतेम १० ते १२ टक्के. म्हणून लांबच्या गावात पडद्यावर मुंग्या आल्या तरी चित्र सहसा जागेवर उभे राहते. याच गुणाचा एक तोटा आहे. येणारा संकेत १ व्होल्टच्या वर गेला की पांढऱ्या भागात वाहक लहरच जवळपास नाहीशी होते आणि पांढऱ्या अक्षरांची पाटी पडद्यावर येताच आवाजात घरघर सुरू होते. प्रेक्षकाला वाटते स्पीकर बिघडला. खरा दोष केंद्रातल्या पातळीचा असतो.

केंद्र सुरू करताना आधी विजेचे व्होल्टेज आणि पंखा पाहायचा, मग दृश्यसंकेताची पातळी, मग प्रक्षेपक कृत्रिम भारावर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधावर) चालवून शक्ती मोजायची आणि त्यानंतरच अँटेना जोडायची. सुरू झाल्यावर जाणारी आणि परतणारी शक्ती ठरावीक वेळाने नोंदवहीत लिहायची. १०० वॅटपैकी ४ वॅट परत येत असतील तर स्थायी लहर गुणोत्तर, म्हणजे अँटेना किती नीट जुळली आहे हे सांगणारा आकडा, १.५ होते. आकडा त्यापुढे सरकू लागला की केबलच्या जोडांवर संशय घ्यावा. पावसाळ्यात मनोऱ्यावरच्या जोडात पाणी शिरणे हे या केंद्रांचे सर्वांत नेहमीचे दुखणे. परतणारी शक्ती वाढली की संरक्षक मंडल प्रक्षेपक बंद करते, तो पुन्हा लावला जातो, पुन्हा पडतो. जोड उघडून, पूर्ण वाळवून, नव्याने पट्टी गुंडाळून बंद केल्याशिवाय हे थांबत नाही. विजेपासून बचावासाठी मनोऱ्याची भूयोजना (अर्थिंग) उन्हाळ्यात ओली ठेवावी लागते, नाहीतर वळवाच्या पहिल्याच गडगडाटात यंत्राला फटका बसतो.

पोहोचीचा हिशेब नुसत्या वॅटवर लागत नाही. ३० मीटरचा मनोरा आणि ९ मीटर उंचीवरची घरची अँटेना यांचे रेडिओ-क्षितिज ३५ किलोमीटर भरते. पण व्हीएचएफच्या तिसऱ्या वारंवारता-पट्ट्यात समाधानकारक चित्रासाठी दर मीटरला ५५ डेसिबल मायक्रोव्होल्ट इतके क्षेत्रबल लागते आणि १०० वॅटला ते तेवढ्या अंतरापर्यंत टिकवता येत नाही. मध्ये डोंगर आला तर पाच किलोमीटरवरचे गावही कोरडे राहते. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत म्हणूनच घरोघरी उंच बांबू, त्यावर यागी अँटेना आणि खाली बूस्टर असा थाट दिसे. एकाने वर अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खालून 'आलं, आलं... गेलं' ओरडायचे.

डोंगरावरून परावर्तित झालेला संकेत उशिरा पोहोचतो आणि मूळ चित्राच्या उजवीकडे सावली पडते. तिच्यावरून दोषी डोंगर शोधता येतो. २० इंची संचाच्या पडद्याची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर, आणि एक रेषा उमटायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे दर ८ मिलिमीटर सावलीमागे साधारण ३०० मीटर जास्तीचा प्रवास. सावली २ सेंटिमीटरवर असेल तर तो पाऊण किलोमीटर भरतो, आणि डोंगर थेट घरामागे असेल तर तो साधारण ४०० मीटरवर असतो. अँटेना त्या बाजूला पाठ करून बसवली की सावली फिकी होते. बूस्टरने मात्र सावलीही तितकीच वाढते.

अमेरिकेत याच सुमारास वेगळा मार्ग निघाला. तेथील संचार आयोगाने १९८२ मध्ये लघुशक्ती केंद्रांना स्वतःचे कार्यक्रम दाखवण्याची मुभा दिली आणि छोट्या गावांनी, चर्चनी, महाविद्यालयांनी परवाने घेतले. स्वतःचे कार्यक्रम करणाऱ्या केंद्रांना १९९९ च्या कायद्याने अधिक संरक्षण मिळाले. तेथील ॲनालॉग लघुशक्ती प्रक्षेपण १३ जुलै २०२१ रोजी थांबले.

भारतात एलपीटीला असा परवाना कधी मिळाला नाही. महाराष्ट्रातील केंद्रांवर राष्ट्रीय कार्यक्रमाच्या जोडीला ठरावीक वेळात मराठी कार्यक्रम येत, तेही मुंबईहून. तालुक्याचा बाजारभाव, धरणाचे आवर्तन किंवा गावची जत्रा दाखवायला लागणारी यंत्रसामग्री फार महाग नव्हती. बाहेरून येणारा संकेत बदलून एक कॅमेरा जोडण्याइतपतच बदल हवा होता. ती संधी हातची गेली. नव्वदच्या दशकात स्थानिक बातम्या दाखवायला गावोगावचे केबलचालक पुढे आले.

केबल आणि डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा यांमुळे अँटेनावर पाहणारे घटत गेले. ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०२२ पर्यंतचा होता. सीमावर्ती आणि सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक त्यातून वगळले गेले. रिकाम्या झालेल्या काही जागांचे मनोरे आकाशवाणीच्या १०० वॅटच्या एफएम प्रक्षेपकांसाठी वापरात आहेत.