दुर्मिळ लाकडाच्या मुठीचा घडीचा चाकू देशाबाहेर नेताना किंवा मागवताना: साइटीस परवाना कोणाला लागतो, अर्ज कसा करायचा

घडीच्या चाकूंचा शौक असलेल्याला पात्याचे पोलाद, लॉकचा प्रकार, बनावटीचे साल सगळे तोंडपाठ असते. मूठ कशाची, असे विचारले की मात्र ‘रोजवूड’ म्हणून विषय संपतो. चाकू कपाटात असेपर्यंत तेवढे पुरते. तो एका देशातून दुसऱ्या देशात जायचा असेल तर परवाना लाकडाचा लागतो, आणि अर्जावर ‘रोजवूड’ लिहून भागत नाही. झाडाचे शास्त्रीय नाव लागते.

हा परवाना ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळतो. करारावर १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या आणि १ जुलै १९७५ पासून तो लागू झाला. धोक्यातल्या वनस्पती आणि प्राणी त्याने तीन परिशिष्टांत विभागले आहेत. परिशिष्ट १ सर्वात कडक. परिशिष्ट २ मध्ये व्यापार चालतो, पण परवान्याने. परिशिष्ट ३ एखाद्या देशाने स्वतःहून घातलेल्या जातींसाठी आहे. मुठीच्या लाकडात त्याच्याशी गाठ क्वचितच पडते.

परवाना कोणाला लागतो

आधी परिशिष्ट १. ब्राझिलियन रोजवूड, म्हणजे दाल्बर्जिया नायग्रा, १९९२ पासून इथे आहे. यात वजनाची सूट नाही, तयार वस्तूचीही नाही. दोन इंचांच्या पेननाइफवरची पातळ पट्टीसुद्धा मोजली जाते.

दाल्बर्जिया वंशातल्या बाकीच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये आहेत, कोकोबोलोसारख्या काही तर त्याच्याही आधीपासून. चाकूवाल्यांची निम्मी आवडती नावे यातच येतात: कोकोबोलो, किंगवूड, ट्युलिपवूड, आफ्रिकन ब्लॅकवूड, आपला शिसवही. पण परिशिष्टातल्या प्रत्येक नावापुढे एक टीप जोडलेली असते, आणि खरी मेख त्या टिपेत आहे. दाल्बर्जियाची टीप २६ नोव्हेंबर २०१९ पासून बदलली. आता तयार वस्तूंमधले त्या जातीचे लाकूड एका पाठवणीत १० किलोपर्यंत असेल तर साइटीसचा कागद लागत नाही. वजन फक्त लाकडाचे धरायचे. पाते, लायनर (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्ट्या), बोल्स्टर (मुठीच्या टोकाचा धातूचा भाग) सोडून. साधारण चार इंची मुठीच्या दोन पट्ट्या मिळून वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे शेकडो चाकू एका खोक्यात घातले तरी मर्यादा ओलांडत नाही.

मग अडतो कोण? सुट्या पट्ट्या मागवणारा. कापलेल्या, पण मुठीला न बसवलेल्या कोकोबोलोच्या पट्ट्यांची जोडी ही ‘तयार वस्तू’ नाही, तिला अजून आकार द्यायचा आहे. १० किलोची सूट तिला लागू होत नाही आणि परवाना लागतो. तीच पट्टी तीन पिनांनी चाकूवर ठोकून, घासून, तेल लावून आली तर लागत नाही. मला हा नियम थोडा गमतीशीर वाटतो, पण त्यामागचा विचार बरोबर आहे: जंगलावर ताण कच्च्या आणि अर्धवट मालाचा पडतो, एखाद्या शौकिनाच्या चाकूचा नव्हे.

एक अपवाद लक्षात ठेवा. सयामी रोजवूड, दाल्बर्जिया कोचिनचायनेन्सिस, याला ही सूट नाही. तयार चाकू असला तरी परवाना काढावा लागतो.

बुबिंगा या आफ्रिकन लाकडाच्या तीन जातींना दाल्बर्जियासारखीच १० किलोची सूट आहे. मादागास्करच्या एबनीत ओंडके, चिरलेले लाकूड आणि व्हेनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) एवढेच नियमाखाली येते, तयार मूठ सुटते. लिग्नम व्हिटे, म्हणजे ग्वायाकम, यात किरकोळ विक्रीसाठी वेष्टनात तयार असलेली वस्तू सुटते. तोच चाकू जुन्या संग्रहातून सुटा निघाला असेल तर त्याला ‘विक्रीसाठी तयार’ म्हणायचे का, हे साइटीसच्या व्यवस्थापन प्राधिकरणाला (त्याविषयी पुढे) आधीच लेखी विचारून घ्यावे. डेझर्ट आयर्नवूड, स्नेकवूड, ऑलिव्ह ही लाकडे परिशिष्टांत नाहीत. लाकूड राळ भरून स्टॅबिलाइज केले किंवा रंगवले म्हणून त्याची जात बदलत नाही. यादीतले लाकूड यादीतच राहते.

अर्ज कुठे आणि कोणता

प्रत्येक सदस्य देशात साइटीसचे एक व्यवस्थापन प्राधिकरण असते. बहुधा ते पर्यावरण किंवा वनखात्याकडे असते. अर्ज तिथेच करायचा. विक्रेता, कुरिअर कंपनी किंवा सीमाशुल्क कार्यालय हा परवाना देत नाही.

लाकूड ज्या देशात वाढले तिथूनच निघत असेल तर निर्यात परवाना लागतो. एका देशातून आधीच आलेले लाकूड तिसऱ्या देशात जात असेल तर पुनर्निर्यात प्रमाणपत्र. संग्राहकाचा संबंध बहुतेक वेळा या दुसऱ्याशी येतो, कारण मध्य अमेरिकेतले कोकोबोलो त्याच्यापर्यंत थेट येत नाही, मधल्या कुण्या लाकूड व्यापाऱ्याकडून येते. पुनर्निर्यात प्रमाणपत्रावर मूळ देश, मूळ परवान्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. म्हणून पट्ट्या विकत घेतानाच हा क्रमांक मागून ठेवा. वर्षभराने व्यापाऱ्याला फोन करून तो मिळेल या भरवशावर राहू नका.

परिशिष्ट २ साठी करारानुसार आयात परवाना लागत नाही, मात्र काही देश तो स्वतःच्या कायद्याने मागतात. परिशिष्ट १ साठी दोन्ही बाजूंचे परवाने लागतात आणि क्रम ठरलेला आहे: आधी आयात करणाऱ्या देशाचा, मग निर्यात करणाऱ्या देशाचा. मुख्य हेतू व्यापाराचा असेल तर आयात परवाना मिळत नाही.

जुना चाकू असेल तर

ब्राझिलियन रोजवूडच्या मुठीचे बरेच चाकू १९९२ च्या आधीचे असतात. त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे: करारपूर्व प्रमाणपत्र. ती जात यादीत येण्याच्या आधीच लाकूड तोडले किंवा हातात आले होते हे दाखवायचे, आणि ते दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची.

जुनी पावती असेल तर सोन्याहून पिवळे. नसेल तर कंपनीचा त्या काळचा कॅटलॉग, लिलावाची नोंद, तारखेसह छायाचित्र. पात्याच्या मुळाशी, मुठीत शिरते त्या जागी कोरलेला शिक्काही कामाला येतो. केस या अमेरिकन कंपनीने १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके कोरायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. भिंगाखाली ठिपके मोजले की त्या दशकातले साल निघते. बक कंपनीचे चाकू १९८६ पासून वर्षाची खूण घेऊन येतात. पण शिक्का पात्याचे वय सांगतो, मुठीचे नाही. घडीच्या चाकूच्या पट्ट्या तडकल्या की लोक बदलून घेतात, आणि हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून मूठ मूळचीच आहे असे जाणकार कारागिराचे किंवा मूल्यांकन करणाऱ्याचे पत्र सोबत द्यावे. पिनांचा जवळून काढलेला फोटो जोडला तर उत्तम. उपटून पुन्हा ठोकलेली पिन डोळ्यांना कळते.

अर्जासोबत काय जोडायचे

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सगळीकडे लागतो, त्यावर जास्त बोलायला नको. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ते लागतात. पावतीवर झाडाचे शास्त्रीय नाव असावे. विक्रेता फक्त ‘एक्झॉटिक वूड’ लिहून देत असेल तर नवी पावती मागा. वर्णनात नगांची संख्या आणि लाकडाचे वजन वेगळे द्या. चाकू उघडा आणि मिटलेला, दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो जोडा.

फॉर्मवर दोन सांकेतिक अक्षरे असतात, तिथे बरेच जण अडखळतात. हेतूच्या रकान्यात वैयक्तिक वापरासाठी ‘पी’ आणि व्यापारासाठी ‘टी’. स्रोताच्या रकान्यात जंगलातून आलेल्याला ‘डब्ल्यू’ आणि करारपूर्व वस्तूला ‘ओ’. विकण्यासाठी पाठवत असताना ‘पी’ लिहू नये. ती चूक धरली जात नाही, खोटी माहिती धरली जाते.

सोबत नेत असाल तर

वैयक्तिक सामानाला करारात सवलत आहे, पण ती तुमच्यासोबत प्रवास करणाऱ्या सामानापुरती किंवा घर हलवताना नेलेल्या वस्तूंपुरती. भेट म्हणून टपालाने पाठवलेला चाकू त्यात बसत नाही. काही देश ही सवलत मानतच नाहीत, आणि परदेशात घेतलेली परिशिष्ट १ मधली वस्तू घरी आणताना ती मिळत नाही. चाकू विमानात चेक-इन सामानातच जातो हे सांगायला नकोच. लॉक, स्प्रिंगने उघडणे, पात्याची लांबी यांचे कायदे देशागणिक निराळे आहेत. साइटीसचा परवाना हातात असला तरी त्या कायद्यांतून सुटका होत नाही.

मुदत आणि तपासणी

निर्यात परवाना आणि पुनर्निर्यात प्रमाणपत्र जास्तीत जास्त सहा महिने चालते, आयात परवाना बारा महिने. माल मुदतीत पोहोचायला हवा, नुसता रवाना होऊन उपयोग नाही. मूळ कागद मालासोबत जातो, छायाप्रत चालत नाही. निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यातीच्या रकान्यात नग मोजून सही-शिक्का घ्या. हा रकाना कोरा राहिला तर पलीकडे अडचण होते. चाकू आधी पाठवून परवाना मागाहून काढण्याची सोय अगदी मोजक्या परिस्थितीत आहे, तिच्यावर विसंबू नये.

पलीकडे पोहोचल्यावर मूळ परवाना तिथले अधिकारी ठेवून घेतात. त्याआधी दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत काढून चाकूच्या डब्यात ठेवा. पुढे कधी तो चाकू त्या देशातून बाहेर पाठवायची वेळ आली, तर पुनर्निर्यात प्रमाणपत्रासाठी हाच क्रमांक मागतील.