सगळं पांढरं म्हणजे कीड नव्हे: पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारी अळी

उद्यानातल्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं की लगेच फवारणीचा पंप बाहेर निघतो. पण त्या पांढऱ्यात कीड असते, तशी कधी कधी त्या किडीला खाणारी अळीही असते. दोघांच्या अंगावर सारखंच मेण. पूर्वी मीसुद्धा अशा अळ्या कीड समजून चिरडल्या आहेत. आता आठवलं की हळहळ वाटते.

कीड म्हणजे पिठ्या ढेकूण, अर्थात मिलीबग. अळी असते क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणला गेला. द्राक्ष-सीताफळाच्या बागायतदारांना हा मित्रकीटक चांगला ठाऊक आहे. शहरातल्या बागांमध्ये मात्र त्याला ओळखणारे फार थोडे.

आधी आकार बघा. ढेकणाची पूर्ण वाढलेली मादी जेमतेम ३ मिलिमीटरची, तर अळी १३ मिलिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे सगळ्यांत मोठा, झुपकेदार जीव बहुधा मित्रच असतो, आणि नजरेत भरतो म्हणून पहिला तोच मारला जातो! मग काडीने हलकेच डिवचा. ढेकूण सोंड खुपसून रस पीत बसलेला असतो, सहसा जागचा हलत नाही. अळी चालू लागते. तिचे मेणाचे धागेही लांब आणि विस्कटलेले असतात. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, खायला येणाऱ्यांना हुसकावतात. हे मेण अळीला त्या मुंग्यांपासून वाचवतं.

सरसकट फवारणी इथेच अंगाशी येते. ढेकणाची शेकडो अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, तिथवर औषध नीट पोचत नाही. उघड्यावर फिरणाऱ्या अळ्या आणि भुंगेरे मात्र मरतात. अंडी फुटली की ढेकूण पुन्हा हजर, आणि खाणारं कुणी उरलेलं नसतं. शिवाय भुंगेऱ्याची मादी आपली अंडी याच पिशव्यांत घालते. झाड अगदी चकाचक केलं तर ती तिथे थांबेल कशाला? एकात्मिक कीड व्यवस्थापनात, म्हणजे नुसत्या औषधावर न विसंबता वेगवेगळे उपाय जोडीने वापरताना, थोडी कीड राहू देतात, त्याचं हे एक कारण.

म्हणून अळ्या दिसलेल्या फांदीवर औषध मारू नका. अळ्या नसलेले, ढेकणांनी भरलेले शेंडे छाटून पिशवीत बंद करा. मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. आणि नारिंगी डोक्याचा, काळपट पंखांचा, मसुराएवढा भुंगेरा पानावर फिरताना दिसला, तर तो याच अळीचा मोठेपणीचा अवतार आहे, हे माळीदादांनाही दाखवा.